कापसाच्या गावात रोजची ९११

गाडी घरी आली त्या संध्याकाळी आई ओवाळणीचं ताट घेऊन फाटकात उभी होती आणि गाडी फाटकाच्या चढावरच टेकली. समोरच्या बंपरखालून खर्रकन आवाज आला आणि माझ्या छातीत धस्स झालं. आमच्या जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातल्या, हमालांनी गठाणी चढवायच्या दोन फळ्या धावत आणल्या, चाकांखाली सरकवल्या, आणि पोर्शे ९११ आमच्या अंगणात शिरली. ऑक्टोबर २०२२ ची ही गोष्ट. तेव्हापासून पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर ही गाडी रोज चालते आहे. घर ते जिनिंग, जिनिंग ते हिंगणघाट, आठवड्यातून एकदा नागपूर. आमच्याकडे दुसरी चारचाकी म्हणजे कामाचा पिकअप. त्यामुळे "हौसेची गाडी वेगळी, वापरायची वेगळी" अशी सोय नाही आणि मला ती करायचीही नव्हती.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात. गावापासून वडकीजवळ महामार्ग ४४ ला लागेपर्यंत १८ किलोमीटरचा रस्ता आहे, आणि हे सगळं अनुभवकथन खरं तर त्या १८ किलोमीटरचंच आहे. महामार्गावर अशी गाडी कोणीही चालवेल.

मी १२ वर्षं पुण्यात नोकरी केली. वडील गेल्यावर जिनिंग सांभाळायला परत आलो. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलमागे १०,००० रुपयांच्या वर गेला होता. शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे आले, आमच्याही आले. पुण्यातला फ्लॅट विकला आणि कॉलेजपासून मनात असलेली गाडी घेतली. जुनी, २०१७ ची, मुंबईतल्या एका गृहस्थांकडून. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ३७० अश्वशक्ती. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि सिलिंडर उभे नाहीत, आडवे, तीन इकडे तीन तिकडे, समोरासमोर निजलेले.

पाच वर्षांत ती गाडी फक्त ८,४०० किलोमीटर चालली होती. बाकी वेळ तळघराच्या पार्किंगमध्ये कापडाखाली. विकणाऱ्याला या गोष्टीचा अभिमान होता आणि घेताना मलाही त्याचा आनंदच झाला होता. घरी आणल्यावर कळलं की तीच गाडीची सगळ्यात मोठी अडचण होती. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल. माझ्या चारही टायरांवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल, पण रबर वाळून कडक झालेलं आणि एकाच जागी उभं राहून चपटं पडलेलं. ६० च्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. बॅटरी एकदा नाही, दोनदा बदलून झालेली. दारांची रबरं सुकलेली. आमच्या जिनिंगमधलं कोणतंही मशीन हंगामानंतर चार महिने हलवलं नाही तर बेअरिंग धरतं, हे मी लहानपणापासून बघतो आहे. गाडीचं वेगळं काही नाही. चारही टायर बदलले आणि ठरवलं, ही झाकून ठेवायची नाही.

या गाडीचा इतिहासही तेच सांगतो. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली आणि १९६४ पासून बनायला लागली, तेव्हापासून तिला मागे दोन छोट्या सीट आहेत आणि पुढे सामानाची जागा आहे. नुसती शर्यतीसाठी असती तर मागे सीट कशाला दिल्या असत्या? माझी सात वर्षांची मुलगी रोज त्याच सीटवर बसून शाळेत जाते. मोठा माणूस तिथे बसू शकत नाही, पण पाठ आडवी पाडली की ढेपेचं एक पोतं बरोबर मावतं. हिंगणघाटहून येताना गाईंसाठी ढेप आणतो. गाडीत चामड्याचा आणि सरकीच्या ढेपेचा मिळून एक वास आहे, आणि मला तो आवडतो. पुढच्या डिक्कीत रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, नमुन्यांच्या पिशव्या जातात. प्रत्येक लॉटचा नमुना कागदात गुंडाळून, वर नंबर टाकून व्यापाऱ्याकडे न्यावा लागतो. पुढची डिक्की १४५ लिटरची आहे, दिवसभराचे नमुने आरामात बसतात.

आता रस्ता. काळ्या मातीचा स्वभाव ज्याला माहीत नाही, त्याला विदर्भातला रस्ता कळणार नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून आकसते. मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. वर डांबर घातलं तरी खालची माती दरवर्षी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते, म्हणून ठेकेदार कितीही चांगला असला तरी दोन पावसाळ्यांनंतर रस्त्याला लाटा येतात. ट्रकला त्या जाणवत नाहीत. माझ्या गाडीच्या पोटाखाली मात्र उभी मूठ जेमतेम जाते. पहिला महिनाभर मी त्या १८ किलोमीटरला पाऊण तास घेत होतो. कुठे डावीकडून जायचं, कुठे मधल्या उंचवट्यावर दोन्ही चाकं ठेवायची, कुठल्या मोरीनंतर डांबर खचलं आहे, हे सगळं पाठ करावं लागलं. मी हा रस्ता लहानपणापासून वापरत होतो, पण सायकलनंतर इतक्या जवळून कधी बघितलाच नव्हता. आता डोळे मिटले तरी सांगू शकतो.

ब्रेकर २३ आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असायला हवा, म्हणजे चढ इतका सावकाश की कोणतीही गाडी त्यावरून अलगद जाते. आमच्याकडचे बहुतेक गावकऱ्यांनीच घातलेले आहेत. दीड-दोन फूट रुंद आणि उंची मनाला येईल तेवढी. चिडायला जागा आहे, पण मी चिडत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरचा ब्रेकर एका मुलाला ट्रॅक्टरने उडवल्यानंतर रातोरात झाला. गावाने कोणाच्या मंजुरीची वाट पाहिली नाही, घरटी एक पाटी गिट्टी जमा केली. तो ब्रेकर काढा असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

गाडीला पुढचं नाक उचलायची सोय आहे. बटण दाबलं की पाच सेकंदांत नाक ४० मिलिमीटर वर येतं. पहिल्या मालकाने ही जादाची सोय पैसे भरून घेतली होती म्हणून मी त्यांचे मनापासून आभार मानतो. तिच्याशिवाय हे सगळं शक्यच नव्हतं. तरीही तीन ब्रेकर असे आहेत की नाक उचलून, तिरकं लावून, आधी डावं पुढचं चाक, मग उजवं, अशा रीतीने एकेक चाक चढवावं लागतं. तेवढ्यात मागे बंडी असेल तर बंडीवाला थांबतो. पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाबांनी बैलांचे कासरे ओढून विचारलं, "भाऊ, गाडी बसली काय गा? टोचन लावू काय?" मी म्हटलं, "नाही बाबा, अशीच आहे ही, खाली." ते खाली उतरले, वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं आणि म्हणाले, "इतकी खाली काहून बनवली बाप्पा? शेतात कशी नेसान?" शेतात नाही नेत मी. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे गाडी म्हणजे शेतापर्यंत जाणारी वस्तू.

दसऱ्यानंतर कापूस घरात यायला लागतो आणि आमचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत आमच्याकडचा रस्ता पांढरा असतो. ट्रॅक्टर, मेटाडोर, बंड्या खच्चून भरून येतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना बोंडं लटकून राहतात. जिनिंगच्या आवारात तर हवेतच रुई असते, केसांत, भुवयांत, चहाच्या कपात. हे गाडीला काय करेल याचा मी विचारच केला नव्हता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये उन्हं तापायला लागली आणि एसी बिघडला. गाडी चालत असेपर्यंत थंड हवा, वजनकाट्यापाशी थांबलो की गरम. मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर गॅस कमी झाला असेल, गाडी घेऊन या, असं उत्तर मिळालं. आमच्या जिनिंगला ३० वर्षांपासून एक फिटर आहेत, त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, आत इंजिन नाही हे बघून क्षणभर थांबले आणि मग एकच प्रश्न विचारला, "ही श्वास कुठून घेते?"

मी पुस्तिका काढून दाखवलं. इंजिन मागे असलं तरी त्याचं पाणी थंड करणारे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात, डावीकडे आणि उजवीकडे, हेडलाइटच्या खाली. आणि त्या रेडिएटरांच्याही पुढे एसीचे कंडेन्सर. चालत्या गाडीत समोरची हवा त्यांच्यातून जाते. थांबलेल्या गाडीत पंखा ती ओढतो. मिस्त्रींनी जमिनीवर आडवं होऊन टॉर्च मारला आणि हसले. "भाऊ, इथं तर गादी भरून आहे."

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही दोघांनी बंपर उतरवला. आत कंडेन्सरवर बोटभर जाडीचा थर होता. रुई, धूळ, किडे, कडुनिंबाची पानं, सगळं दाबून नमदा झालेलं. मिस्त्रींनी त्याची एक कड चिमट्याने सोडवली आणि हळूहळू ओढली तर अख्खा तुकडा हातभर लांब निघून आला, एका बाजूला जाळीचे बारीक चौकोन उमटलेले. उजव्या बाजूचा तसाच. मग कॉम्प्रेसरची हवा, पण अगदी कमी दाबाने आणि आतून बाहेर. समोरून मारली तर घाण आत रुतते आणि पट्ट्या वाकतात. हे मिस्त्रींना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं, कारण जिनिंगमध्ये ते रोज हेच करतात. बंपर परत बसवला, एसी लावला, पाच मिनिटांत काचेवर दव आलं. गॅस जसाच्या तसा होता.

त्यानंतर मिस्त्रींनी स्टीलच्या जाळीचे दोन तुकडे कापून हवेच्या तोंडांवर बसतील असे केले, दोन स्क्रूवर निघणारे. पण जाळी बारीक असली की हवाही अडते, म्हणून ती फक्त नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलला काढून टाकायची. नवतप्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा रेडिएटरला मिळेल तेवढी हवा हवी असते. हंगामात दर रविवारी जाळी काढून झटकतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण चुकवायचं नाही. मागच्या इंजिनाचा एअर फिल्टर महिन्यातून एकदा. माझ्यासारखा कोणी कापसाच्या पट्ट्यात अशी गाडी वापरत असेल तर त्याने एवढं जरी लक्षात ठेवलं तरी हे लिहिल्याचं सार्थक झालं.

पंक्चरची भीती मला सगळ्यात जास्त होती. या गाडीत स्टेपनी नसते. टायरमध्ये भरायचा द्रव आणि छोटा हवापंप असतो, बस. मागचं टायर २९५ मिलिमीटर रुंद, १९ इंची. तसलं टायर आमच्याकडे कोणाच्या दुकानात टांगलेलं नसतं, मागवलं तर चार दिवस लागतात. म्हणून मी एक पुढचं आणि एक मागचं टायर घरीच ठेवलं आहे, सावलीत. २०२३ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मागच्या टायरची हवा उतरायला लागली. वडकीला पंक्चरवाल्याकडे पोहोचलो. त्याने जॅक लावायचा प्रयत्न केला, जॅक गाडीखाली जाईना. मी नाक उचललं, त्याने पुढच्या चाकांना दगड लावला, मागच्या चाकाखाली एक जुनी फळी सरकवली, त्यावर गाडी थोडी चढवली आणि मग पुस्तिकेत दाखवलेल्या खुणेवर जॅक बसवला. खिळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. बैलाच्या नालेचा होता, चपट्या डोक्याचा. पोळ्याआधी सगळे बैलांना नाल ठोकून घेतात, रस्त्यावर जुने खिळे पडतात. पंक्चरवाल्याने भोक कानशीने साफ केलं, स्ट्रिप घातली, साबणाचं पाणी लावून फुगा येतो का पाहिलं. "ट्युबलेस हाय न भाऊ, मंग कायचं टेन्शन?" स्ट्रिप बसवलेल्या टायरवर मी जोरात जात नाही, पण गाव ते हिंगणघाट ती स्ट्रिप पुढे आठ महिने टिकली. तो खिळा मी अजून जपून ठेवला आहे.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. गाऱ्यात, म्हणजे चिखलात, ही गाडी माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली चालते, कारण वजनाचा साधारण ६० टक्के भार मागच्या चाकांवर आहे आणि ओढतातही तीच चाकं. पण रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, पाणी असेल तर प्रश्नच नाही, थांबायचं. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पूर आला तेव्हा गाडी आठ दिवस ओट्यावर उभी होती आणि मी पिकअपने फिरलो. पेट्रोलची एक गोष्ट सांगायची राहिली. गाडीच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं असं लिहिलं आहे आणि आता पंपावर मिळतं ते २० टक्क्यांचं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन्महिने पडून राहणं वाईट. माझी ६४ लिटरची टाकी आठवड्याला संपते, त्यामुळे ती काळजी तरी कमी.

संध्याकाळी सहानंतर त्या १८ किलोमीटरवर मी ४० च्या वर जात नाही. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं कधी रस्त्यावर येतील सांगता येत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. त्या भागातून मी १२ वर्षं ये-जा केली आहे. त्या आठवड्यात आईने काही न बोलता गाडीची किल्ली देवघरात ठेवली. मी तीन दिवस मागितली नाही. चौथ्या दिवशी तिनेच हातात दिली आणि म्हणाली, "गावातून पायी चालल्यासारखी चालव." त्या दोघा अभियंत्यांचं वय आठवलं की अजून पोटात कालवतं. ३७० अश्वशक्ती उजव्या पायाखाली असते तेव्हा शाळेसमोरून २० ने जाणं हेच खरं चालवणं आहे असं मला वाटतं. मोकळं चालवायचं तर समृद्धी महामार्ग आहे. मुंबईला सर्व्हिसिंगला नेतो तेव्हा १२० च्या मर्यादेत, सातव्या गिअरमध्ये, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास गुणगुणत असतं. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासतो. काँक्रीट तापलं की टायरची कसोटी लागते.

आता ते, जे मला लिहायला सगळ्यात अवघड आहे. आमचा जिल्हा कोणत्या कारणासाठी वर्तमानपत्रात येतो ते सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या कापसावर माझी जिनिंग चालते त्यांच्यासमोरून मी ही गाडी रोज नेतो. पहिले दोन महिने मी ती आवाराच्या मागे, शेडच्या आड उभी करत होतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता आणि खासगीत भाव त्याच्या खाली. त्या डिसेंबरमध्ये एका शेतकऱ्याने, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे कापूस घालणाऱ्या माणसाने, वजनकाट्यावर सगळ्यांसमोर मला म्हटलं, "भाऊ, गाडी घेतली त्याचं काई नाई. काटा बरोबर ठेव अन् पैसे त्याच दिवशी देत जा." त्या वेळी आम्ही आठ-आठ दिवसांनी पैसे देत होतो, सगळेच देतात. मी रात्रभर हिशेब केला. जानेवारीपासून त्याच दिवशी पैसे देतो आणि काट्याचा आकडा बाहेर मोठ्या पाटीवर दिसतो. त्यासाठी बँकेकडून कर्जाची मर्यादा वाढवून घ्यावी लागली, व्याज माझ्या अंगावर पडतं. गाडी आता समोर, काट्याजवळ उभी असते. तोच शेतकरी कधी कधी तिच्या सावलीत बसून बिडी ओढतो. दाराला टेकत मात्र नाही. मी दोनदा म्हटलं तरी नाही.

गाडीचे आता ६१,००० किलोमीटर झाले आहेत. बंपरच्या खालच्या कडेला ओरखडे आहेत, समोरच्या काचेला गिट्टीचा एक तारा आहे, डाव्या दारावर बैलाच्या शिंगाची एक रेघ आहे. पॉलिश करून घ्या असं नागपूरचे मित्र सांगतात. ती रेघ मी तशीच ठेवली आहे.

गेल्या महिन्यात शाळेसमोरचा रस्ता नव्याने झाला आणि ब्रेकरही. मी सकाळी मुलीला घेऊन पोहोचलो तेव्हा गवंडी थापी हातात घेऊन उभा होता, काँक्रीट ओलं, वर पोती टाकलेली. त्याने हात करून मला थांबवलं. मला वाटलं, रस्ता बंद आहे. तर तो गाडीसमोर उकिडवा बसला, बंपरखाली वीत धरून अंतर मोजलं आणि ब्रेकरकडे पाहिलं. सरपंचही तिथेच होते. मी म्हटलं, "उंची कमी करू नका हो, पोरांची शाळा आहे." गवंडी म्हणाला, "उंची नाई कमी करत. उतार लांबवतो." दोन्ही बाजूंनी त्याने हातभर काँक्रीट वाढवलं आणि चढ चोपून चोपून सावकाश केला. आम्ही त्या दिवशी गाडी तिथेच लावून शाळेपर्यंत चालत गेलो. पाच दिवसांनी पोती काढली. मी नाक न उचलता, २० ने, सरळ त्यावरून गेलो. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, लागली नाही."